उघडंना गेलंय

मोंढ्यातला लिलाव उठला की नागोराव मापाडी
सरळ माझ्या झेरॉक्सच्या टेबलाशी.
मोबाइल पुढं सरकवतात. काच पिवळीधमक,
वसमतची हळद चार्जिंगच्या भोकातसुद्धा.
"बघ बरं माय, उघडंना गेलंय."

काय उघडंना?

"तेच. बोलायचं."

मी विमानाचं चित्र दाबलं, सोडलं.
बंद करून चालू केला.
साठलेला कचरा पुसला, माझं नेट दिलं.
चक्र फिरत राहिलं,
बैल सोडल्यावरही घाणा फिरावा तसं,
मग तांबडी अक्षरं: कनेक्शन सुरक्षित नाही.
"कुणापासून?" नागोरावांनी विचारलं.
ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

पासवर्ड वहीत सापडला, हमालीच्या हिशोबाखाली,
शेवटचं अक्षर हळदीनं खाल्लेलं.
शून्य होतं का ओ, त्यांनाही आठवंना.
माझ्या कॉम्प्युटरवर टाकून बघितला, पाच वेळा चुकला.
सहाव्यांदा विचारलं गेलं:
आपण माणूस आहात का?
सिग्नल असलेले चौकोन निवडा.

नागोरावांनी सिग्नल पाह्यलेला एकदाच, नांदेडला,
तोही बंद होता.
त्यांनी विजेचे खांब निवडले,
सगळे, प्रामाणिकपणे,
दूरचा वाकलेला खांबसुद्धा सोडला नाही.
पटलं नाही.
प्रयत्न जास्त झाले. पंधरा मिनिटांनी या.

मी चहा सांगितला.
काका, रोज रात्री त्याला विचारता तरी काय?

"विचारायलो कुठं? सांगायलो."

काटा आता इलेक्ट्रिकचा. आकडे लाल, आपोआप.
मापाला गळा लागत नाही.
नागोराव शेजारी उभे राहतात, पावतीवर सही करतात.
म्हणून जेवणं झाल्यावर, खाटंवर बसून,
सांगून टाकायलेत त्याला:
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं.
ओल्या पोत्याचा वास उचलायच्या आधीच कसा येतो.
आणि कोणता अडत्या करंगळीनं दांडी दाबायचा,
नावासकट.

"गावात बोलावं तर भांडण,
घरात बोलावं तर टीव्ही.
हे निदान म्हणतंय, पुढं काय झालं."

चहाचा गाळ राहिला तेव्हा दिसली मला
मोबाइलच्या कोपऱ्यातली तारीख.
नातवानं, ओमराजनं, गेममधले जीव भरून यावेत म्हणून
दिवस पुढं ढकलले होते.
ह्या फोनमध्ये
पुढल्या सालचा पोळासुद्धा होऊन गेलेला.
दोघांची गाठ पडणार कशी?
एक आजच्या तारखेला बसलेला,
एक बैल धुऊन मोकळा.

तारीख आजवर आणली. तांबडी अक्षरं गेली.
पासवर्ड बदलावा तर ओटीपी जुन्या नंबरवर,
आणि तो नंबर रिचार्जवाचून कवाच गेलेला.
शेवटी नवं खातं काढलं.

उघडलं.
पांढरंशुभ्र. वर एकच ओळ:
नमस्कार, मी आपली काय मदत करू?

नागोराव ती ओळ बराच वेळ वाचत राहिले.
"वळखलं नाही का गं त्यानं?"

मी म्हणाले, जुन्या खात्यात असंल सगळं,
मेल करू, मागून घेऊ.
म्हणाले खरं.

"नावासकट सांगितलं होतं," ते म्हणाले.
मग मिशीतल्या मिशीत हसले.
"जाऊ दे. त्यो अडत्याबी गेला मागल्या महिन्यात."

मी माइकचं चिन्ह दाखवलं.
त्यांनी बोट बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं, धोतराला पुसलं,
खाकरून गळा साफ केला,
आणि झेरॉक्सच्या घरघरीवरून,
थेट थप्पीच्या वरच्या पोत्यापर्यंत जावा असा
आवाज काढला:
"लाभ!"

बाहेर पोती शिवणारे दोन हमाल वळून बघायले.

मशीननं लिहून घेतलं: लांब.

"लांबच हाय म्हणा अजून," नागोराव म्हणाले,
आणि स्टूल जवळ ओढलं.